दोन गाद्यांवर लिहिताय? या चुका टाळा

छत्रपती घराण्याच्या सातारा (शाहूंची) आणि कोल्हापूर (ताराबाईंनी सुरू केलेली) या दोन गाद्यांवरचा लेख तपासायला आला की मी आधी नावं बघतो. घोळ हमखास तिथेच असतो. शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू हीच नावं दोन्ही घरांत फिरत राहिली. मीच एकदा ‘वारणेचा तह संभाजी महाराजांनी केला’ हे वाक्य तसंच छापायला सोडलं होतं. चुकीचं नव्हतं, पण वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आले ते १६८९ मध्ये औरंगजेबाने मारलेले संभाजी महाराज, आणि दोन दिवस फोन थांबेनात. तह १७३१ चा, आणि हे संभाजी म्हणजे राजाराम महाराज व राजसबाईंचे चिरंजीव. तेव्हा नावाला गादी जोडा, नाहीतर आईचं नाव. ‘ताराबाईंचे शिवाजी’ म्हटलं की प्रश्नच उरत नाही.

तारखांचंही तसंच. औरंगजेब कुठे २० फेब्रुवारी १७०७ ला मेलेला दिसेल, कुठे ३ मार्चला. फरक जुन्या-नव्या इंग्रजी कालगणनेतल्या ११ दिवसांचा आहे. एक पद्धत धरा आणि लेखभर तीच ठेवा.

आता मोठी चूक. ‘काकू आणि पुतण्याचं भांडण’ म्हणून हे सगळं उरकायचं: राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई हट्टी, थोरल्या संभाजी महाराजांचे चिरंजीव शाहू मवाळ, संपलं. अहो, १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं मुघलांशी झुंज चालवली ती या बाईंनी. शाहू मुघलांच्या कैदेतून सुटले तेही सहज नाही. औरंगजेबाच्या मागे आझमशहाने त्यांना सोडलं ते मराठ्यांत दुफळी पडावी म्हणून, आणि त्यांच्या आई येसूबाईंना ओलीस ठेवून. त्या परतल्या १७१९ मध्ये. ताराबाईंनी आलेला माणूस तोतया असल्याचं जाहीर केलं. त्यावर सरदार परसोजी भोसल्यांनी शाहूंच्या ताटात जेवून त्यांचं खरेपण दाखवून दिलं, असं सांगतात. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधवच शाहूंकडे गेले. लिहिणारे इथे ‘फितुरी’ हा शब्द टाकतात. तो टाकण्याआधी सरदाराच्या जागी उभं राहून बघा: थोरल्या घरातला वारस परत आलाय, आणि वतनाची सनद उद्या कोणाच्या शिक्क्याने चालणार हे ठरलेलं नाही.

हाच धागा पुढे निजामाने धरला. चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, मागितली की तो म्हणे, खरा छत्रपती कोण ते आधी ठरू द्या, मग पैसे. तोवर कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या राजसबाईंच्या संभाजींना त्याने हाताशी धरलं. ते मोडायला बाजीरावांना १७२८ मध्ये पालखेडला त्याची कोंडी करावी लागली. पालखेडवर पानंच्या पानं लिहून हे कारण एका ओळीत गुंडाळलेले लेख मी किती पाहिले असतील!

‘वारणेच्या तहाने वाद मिटला’ असंही लिहू नका. हद्द ठरली, वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे गेला, एवढंच. शाहूंना औरस मुलगा नव्हता. ताराबाईंनी रामराजा हा आपला नातू म्हणून पुढे केला आणि १७४९ अखेर शाहू वारल्यावर तोच साताऱ्याच्या गादीवर आला. वर्षही झालं नाही तोच, नोव्हेंबर १७५० मध्ये, ताराबाईंनीच त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेतली की हा माझा नातू नव्हेच. लोक ही शपथ पुरावा म्हणून देतात. पण नातू म्हणून आणलं होतं तोही त्यांचाच शब्द, आणि दोन्ही वेळा त्यांचा मतलब होता. ‘तोतया’ असं ठाम लिहू नका, ‘ताराबाईंच्या म्हणण्यानुसार’ लिहा. या धुमश्चक्रीत छत्रपतींचा कारभार पेशव्यांच्या हाती गेला; सांगोल्याचा १७५० चा करार वाचल्याशिवाय त्यावर लिहायला बसू नये.

राहता राहिला शेवट. ‘१८१८ मध्ये दोन्ही गाद्या बुडाल्या’ हे साफ चूक. पेशवाई बुडाली, पण साताऱ्याला इंग्रजांनी प्रतापसिंहांना बसवलं आणि १८३९ मध्ये काढून काशीला पाठवलं. त्यांचे भाऊ शहाजी १८४८ मध्ये वारले, मरताना घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि संस्थान खालसा केलं. धाकटी म्हणून हिणवली गेलेली कोल्हापूरची गादी मात्र दत्तकांवर दत्तक घेत १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत टिकली.