सीडी-४ (चार स्पीकरांसाठीची, पुढचे-मागचे आवाज वेगळे असलेली ग्रामोफोन) रेकॉर्ड : कॅरिअरचा दिवा लुकलुकतो, मागून सॅंडपेपरसारखी खरखर

लक्षण : 'स'कारावर खरखर, मागचे आवाज पुढे सरकतात, डिमॉड्युलेटरचा (रेकॉर्डमधले चार आवाज वेगळे काढणारा डबा) दिवा स्थिर राहत नाही. डावी बाजू जास्त खराब.

शिबाटा सुई (सीडी-४ साठीची खास घडणीची) नवी टाकली, डिमॉड्युलेटरच्या बोर्डावरचे सगळे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलले. फरक शून्य. दोन रविवार फुकट.

खरा चोर केबल होती. पुढच्या-मागच्या आवाजांतला फरक ३० किलोहर्ट्‌झच्या कॅरिअरवर (कानाला ऐकू न येणाऱ्या उंच सिग्नलवर) असतो, आणि केबलची कपॅसिटन्स कार्ट्रिजच्या (सुई बसवलेला, सिग्नल तयार करणारा भाग) कॉइलशी मिळून नेमका तोच भाग गिळते. कार्ट्रिज काढून, डिमॉड्युलेटरकडचा प्लग उपसून मधली पिन आणि शील्ड यांत मोजा (कार्ट्रिज लागलेली असेल तर आकडा निव्वळ बकवास येतो). डावीकडे २५५ पिकोफॅरड निघाले. असायला हवेत १००च्या आत.

टोनआर्मखालच्या टॅगपट्टीपासून जुनी केबल काढून ७० सेंटीमीटर आरजी-६२ कोॲक्स जोडली. दर मीटरला साधारण ४४ पिकोफॅरड, म्हणजे आर्मच्या तारा धरून ६०-६५. ती ताठ असते, म्हणून प्लिंथला (टर्नटेबलच्या बैठकीला) क्लिपने बांधा, नाहीतर टॅगवर ताण येतो.

मग सेटिंग, याच क्रमाने. आधी रेकॉर्ड आणि सुई साफ. डिमॉड्युलेटरवरचा डावा कॅरिअर ट्रिमर (जुळवणीचा छोटा स्क्रू) शून्यावरून हळू वाढवा. दिवा स्थिर झाला आणि खरखर गेली की अगदी किंचित पुढे. उजवाही तसाच. शेवटी टेस्ट रेकॉर्डचा 'फक्त डावा पुढचा' टोन लावून सेपरेशन (पुढचे-मागचे आवाज वेगळे ठेवणाऱ्या) ट्रिमरने डाव्या मागच्या स्पीकरचा आवाज किमान करा, मग उजवीकडे. सेपरेशन आधी केलंत, तर कॅरिअर हलवल्यावर ते पुन्हा करावं लागतं.