गाडीत घरी जुळवलेला कॉम्प्युटर बसवायचाय? आधी सांगा, चावी काढल्यावर काय होणार?

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता ‘पाय’), सात इंची टचस्क्रीन, 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, मेमरी कार्ड, वायरी, फ्यूज. मुख्य सामान एवढंच. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं, त्याचा काथ्याकूट नको. मल्टिमीटर मात्र हवाच. तो नसेल तर आधी तो आणा, मग पुढचं वाचा.

आता मुद्द्याचं. चावी काढल्यावर त्या कॉम्प्युटरचं काय होणार? स्क्रीन कुठे बसेल, गाणी कशी वाजतील, ते सगळं नंतर. आधी या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा. मागच्या वेळी माझ्या यादीत नेमकं हेच नव्हतं.

गाडीत वीज दोन वाटांनी मिळते. एक थेट बॅटरीची, चावी असो नसो, कायम चालू. दुसरी एसीसीची (अ‍ॅक्सेसरी), चावी पहिल्या खाचेवर आली की येते आणि काढली की जाते. पाय नुसत्या एसीसीवर लावलात तर चावी काढताक्षणी त्याची मान मुरगळली जाते. त्या क्षणी कार्डावर काही लिहिलं जात असेल तर फाइल सिस्टिम बिघडते. लगेच नाही, पण एके दिवशी स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी येऊन थांबतात आणि पुढे काही होत नाही. नुसत्या कायमच्या विजेवर लावलात तर बॅटरी बसते. हिशोब करा: पाय 4 आणि स्क्रीन मिळून सात-आठ वॉट, म्हणजे 12 व्होल्टला साधारण 0.6 अँपियर, म्हणजे दिवसाला 14-15 अँपियर-तास. छोट्या गाडीची बॅटरी असते 35 अँपियर-तासाची. शनिवार-रविवार गाडी हलली नाही तर सोमवारी धक्का मारायला माणसं शोधा. आणि ‘शटडाउन केला की झालं’ असं समजू नका. बंद केलेला पाय 4 मूळ सेटिंगवर एक वॉटच्या वरच ओढत राहतो. वीज तुटली पाहिजे, खरोखरची.

म्हणजे दोन्ही वायरी लागणार. कायमची वीज पायला टाइम-डिले रिलेमधून (ठरल्या वेळाने तुटणारा विजेवरचा स्विच) द्या. एसीसी फक्त खबर द्यायला वापरा: चावी गेली, आवरा. पायने ती खबर ऐकून स्वतः शटडाउन व्हायचं आणि मिनिटभराने टाइम-डिले रिलेने वीज तोडायची. या क्रमातलं एकही पाऊल गाळू नका. एसीसीची वायर पायच्या पिनेला थेट जोडू नका, त्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत, 12 दिलेत तर पाय गेलाच. मध्ये पीसी817 हा ऑप्टोकपलर (दोन्हीकडची वीज अलग ठेवून उजेडाने खबर देणारा) आणि 2.2 किलोओहमचा रेझिस्टर टाका, दोन्ही किरकोळीत मिळतात. एवढी जुळवाजुळव नको असेल तर इग्निशन सेन्स असलेला (चावी कधी गेली ते स्वतः ओळखणारा) तयार पॉवर सप्लाय घ्या. महाग आहे, पण घ्या.

अजून एक खोच. बऱ्याच गाड्यांत स्टार्टर फिरत असताना एसीसी तेवढ्यापुरती जाते. पायला वाटतं चावी काढली, आणि तो उठता उठता झोपायला निघतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये खबर आल्यावर दहा सेकंद थांबा, पुन्हा बघा, मगच शटडाउन.

कुठली वायर कुठली हे रंगावरून ठरवू नका. बाजारातल्या स्टिरिओंच्या जोडणीत पिवळी कायमची, लाल एसीसीची, काळी अर्थ असते, पण कंपनीच्या मूळ वायरिंगमध्ये तसं असेलच असं नाही. मीटरचं काळं टोक बॉडीच्या उघड्या बोल्टला, लाल टोक वायरीला, आणि चावी एकेक खाच फिरवत जा. बंद, एसीसी, ऑन, मग कोणाला तरी स्टार्ट मारायला सांगा. आकडा 12.6 वरून 10 च्या आसपास किंवा त्याखाली आपटतो आणि इंजिन चालू झालं की 14 च्या पुढेमागे स्थिरावतो. तुमच्या कन्व्हर्टरला हे सगळं झेपलं पाहिजे. एलएम2596 चिपच्या स्वस्त कन्व्हर्टर बोर्डावर 3 अँपियर लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. गाडीसाठी बनवलेला घ्या.

डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि थोडा वेळ थांबा. काही गाड्यांचा स्टिरिओ नंतर कोड मागतो, तो आधीच शोधून ठेवा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे. हात लावायचा नाही, विषय संपला. फ्यूज वीज घेतली तिथेच लावा, पायजवळ नाही. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, पायला नाही. वायर 1 स्क्वेअर एमएमची, फ्यूज 5 अँपियरचा. मूळ वायरी कापू नका, फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून वेगळी वायर देणारा जोड) वापरा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरला आयतं कारण मिळतं.

कन्व्हर्टर पायच्या जवळ ठेवा. 5 व्होल्टची वायर लांब आणि बारीक असली की वाटेत व्होल्टेज पडतं. 4.63 च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची खूण येते. ती दिसली तर सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका, वायर बदला.

उन्हाचं बघा. 80 अंशांच्या पुढे पाय स्वतःच मंद होतो, आणि मे महिन्यात काचेखालच्या डॅशबोर्डवर तो अर्धी वाट आधीच चाललेला असतो. स्टिरिओमागे किंवा सीटखाली ठेवा, वर छोटा पंखा.

स्पीकरमधून इंजिनबरोबर चढणारी किणकिण आली तर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. पाय 4 ला स्वतःचं घड्याळ नाही, आरटीसी (बॅटरीवरचं छोटं घड्याळ) लावा. वायरींना कापडी टेप गुंडाळा, नाहीतर खडखडाट. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, घाटात रेंज नसते. सगळं नीट चालायला लागलं की रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, मग कार्डावर काही लिहिलं जात नाही आणि ते वाचतं. पण त्या भरवशावर शटडाउनची वायर टाळू नका.

गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (बिघाड तपासायचा) इंजिनची माहिती वाचणारा ईएलएम327 खोचणार असाल तर सॉकेटची 16 नंबरची पिन थेट बॅटरीची असते. म्हणजे पुन्हा तेच, बॅटरी बसते. गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवा.

शेवटी, गाडी लॉक करून अर्धा तास जाऊ द्या आणि निगेटिव्ह टर्मिनलवर मीटर सिरीजमध्ये (टर्मिनल आणि त्याची काढलेली वायर यांच्या मध्ये) लावून करंट बघा. बॉनेट उघडं असलं की काही गाड्या झोपत नाहीत, त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बसवून ठेवा. 50 मिलिअँपियरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर रिले वीज तोडत नाहीये, उघडा परत. आणि मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नका, त्यातला फ्यूज उडतो.