बेसबॉलच्या मायनर लीगमधला शॉर्टस्टॉप कसा जोखावा
शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, मायनर लीग म्हणजे मेजर लीगखालच्या तयारीच्या पायऱ्या. आधी वय बघा. डबल-एमध्ये (मायनर लीगची वरून दुसरी पायरी) .२६० सरासरीने (हजारात २६० हिट) मारणारा २० वर्षांचा पोरगा .३०० वाल्या पंचविशीतल्यापेक्षा उजवा. अल्बुकर्की, रेनो ही मैदानं उंचावर, विरळ हवेत चेंडू लांब जातो, तिथले होमरन हातचे राखूनच मोजा. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) एकूण पाळ्यांच्या २५ टक्क्यांवर गेले की सावध.

धावण्याचा वेग मोजताना चेंडू बॅटला लागताच स्टॉपवॉच सुरू, पाय पहिल्या बेसला टेकताच बंद. उजव्या फलंदाजाला ४.३ सेकंद, डावखुऱ्याला ४.२, म्हणजे स्काउटांच्या २० ते ८० च्या मापात ५०, सरासरी.

एररचा (क्षेत्ररक्षणातल्या चुकांचा) आकडा फसवा. जास्त चेंडू गाठणाऱ्याच्याच नावावर एरर जास्त चढतात. त्यापेक्षा सामन्याआधीच्या सरावात तिसऱ्या बेसकडचा बॅकहँड (ग्लोव्हचा हात अंगासमोरून आडवा नेऊन चेंडू धरणं) बघा. उजवा पाय रोवून तिथूनच फेकतो, की आधी दोन पावलं जास्तीची टाकतो? तेवढ्यात धावपटू सुटतो. अशी जास्तीची पावलं टाकणारा शॉर्टस्टॉप पुढे सेकंड बेसच्या जागीच खेळणार, तिथून फेक जवळची.