डिक्शनरी तुर्भ्यापर्यंत बंद ठेवा

फ्रेंच शिकताना पुस्तक हमखास दहाव्या पानावर सुटतं, कारण आपण दर शब्दाला डिक्शनरी उघडतो. मी ठाणे-वाशी लोकलमध्ये काय करते सांगते.

१. मराठीत वाचून आवडलेलंच पुस्तक घ्यायचं, गोष्ट माहीत असली की बरेच शब्द आपोआप लागतात. मी 'ल पती प्रँस' (म्हणजे 'द लिटल प्रिन्स') घेतलं, १९४३ चं, २७ छोटी छोटी प्रकरणं.
२. वाशीच्या दोन स्टेशनं आधीच्या तुर्भ्यापर्यंत नुसतं वाचायचं, अडलं तिथे पेन्सिलची रेघ.
३. मग तीनच शब्द शोधायचे, जे सारखे येतात ते. कोल्ह्याच्या प्रकरणात 'आप्रिव्वाझे' सारखा येतो, म्हणजे माणसाळवणं, तो कळला आणि मी अख्खं प्रकरण परत वाचलं, सानपाडा कधी गेलं कळलंच नाही!

फक्त अर्थ त्या शब्दाच्या डोक्यावर लिहू नका, नजर मराठीवरच जाते. मागच्या कोऱ्या पानावर लिहा.