चंद्र कोठे आणि कसा द्यावा : ॲ आणि ऑ लिहिताना

‘ॲसिड’, ‘बॅग’, ‘डॉक्टर’ या शब्दांतील स्वरांवरचा अर्धचंद्र देवनागरीत सर्वत्र सारखा वापरला जात नाही. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना मराठी वर्णमालेत स्थान मिळाले, त्यामुळे मराठी मजकुरात ‘ऍसिड’ न लिहिता ‘ॲसिड’ असे लिहावे. ए-वर चंद्र देण्याची रीत मुख्यतः हिंदीची, आणि तीही क्वचितच पाळली जाते. हिंदीत ऐकाराचा उच्चारच पसरट असल्याने तेथे ‘बैग’ लिहून भागते, नेपाळीत ‘ब्याग’ असे लिहितात, तर गुजरातीत मराठीसारखाच चंद्र आहे. म्हणून हिंदी मजकूर मराठीत आणताना ‘बैग’चे ‘बॅग’ करायला विसरू नये.

टंकन करताना अधिक जपावे लागते. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्टसह २ दाबल्यास व्यंजनावर चंद्र येतो, पण हाच चंद्र सुट्या ‘अ’ला जोडू नये. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, ॲ हे अखंड अक्षर २००८ पासून आहे. जोडून केलेले रूप डोळ्यांना तेच भासले तरी संगणक ते वेगळे धरतो, आणि शब्द शोधताना सापडत नाही.

‘बँक’चा पेच याहून चिवट आहे. उच्चाराप्रमाणे तेथे चंद्र आणि अनुस्वार हवेत, पण बहुतेक जण चंद्रबिंदूची एकच कळ दाबतात. प्रचार पाहता चंद्रबिंदूच वापरावा, मात्र संपूर्ण मजकुरात एकच रूप ठेवावे.