छोट्या नमुन्यांवर फटीग टेस्ट करताना या चुका टाळा

फटीग टेस्ट म्हणजे नमुन्याला पुन्हा पुन्हा ताण देऊन तो किती फेरे टिकतो ते बघणं. वापरातल्या गर्डरमधून मोठा तुकडा काढता येत नाही, म्हणून दोन-तीन मिलिमीटर जाडीचे नमुने घेतात. त्यात गैर काही नाही. पण मोठ्या नमुन्यात जे खपून जातं ते इथे खपत नाही, हे नवशिक्यांना कितीही सांगा, पटत नाही.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे वायर-कटवरून (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं यंत्र) उतरलेला नमुना तसाच मशीनला लावणं. ठिणग्यांनी वितळून पुन्हा गोठलेला पातळ, ठिसूळ थर कापलेल्या बाजूंवर राहतो आणि त्यात बारीक भेगा असू शकतात. एका कामात जुन्या गर्डरचं पोलाद 'थकलं' असा अहवाल तयार होता, गर्डर बदलायची बोलणीही सुरू झाली होती. मी तुटलेले तुकडे मागवून मायक्रोस्कोपखाली पाहिले, तर भेगा त्याच थरातून निघालेल्या. उरलेल्या पोलादाचे नवे नमुने करून बाजू नीट घासल्या, तर तेवढ्याच ताणाला ते कितीतरी जास्त फेरे टिकले. घासायचा अर्धा दिवस वाचवला होता, एवढंच.

माझी पद्धत साधी: ४००, ८००, १२०० चा एमरी पेपर, शेवटचा हात कायम लांबीच्या दिशेनं. भिंगातून एकही आडवा ओरखडा दिसला तर पुन्हा मागच्या पेपरवर. चपट्या नमुन्याच्या कडा किंचित गोल करायच्या. कंटाळा येतो, येऊ दे.

दुसरी चूक ग्रिपची, म्हणजे मशीनमध्ये नमुना धरणाऱ्या पकडीची. गोल नमुन्यात भार मध्यापासून सरकला, की सरकलेल्या अंतराच्या आठपटीला व्यासानं भागा. सरळ ताणाच्या तेवढ्या पट वाकण्याचा ताण वर चढतो. ०.०५ मिमी सरकलं तर १० मिमी व्यासाला ४ टक्के, २ मिमीला थेट २० टक्के! 'डोळ्यांना सरळ दिसतंय' म्हणणाऱ्याला मी मशीनला हात लावू देत नाही. स्ट्रेन गेज (लांबीतला बारीक बदल मोजणारी चिकटपट्टी) लावलेला एक नमुना आधी चढवून बघा.

बाकीच्या पटकन. गॅसनं तुकडा काढलात तर तापलेली कड सोडून आतून नमुना घ्या. रोलिंगची (पोलाद लाटल्याची) दिशा तुकड्यावर तिथल्या तिथे कोरा, नंतर कुणालाच आठवत नाही. न तुटलेला नमुना ताण-फेऱ्यांच्या आलेखातून गाळू नका, बाण काढून दाखवा. स्ट्रेस रेंज (सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ताणातलं अंतर) आणि ॲम्प्लिट्यूड (त्याच्या निम्मं) यांत दुपटीचा फरक आहे, हे अजूनही सांगावं लागतं.

आणि या आकड्यांवरून वेल्डच्या जोडाचं आयुष्य काढू नका. तिथे वेल्डच्या कडेचा आकार आणि आत अडकलेले ताण निर्णायक असतात. छोटा नमुना कापताना त्यातले बरेचसे ताण सुटून जातात.