अपघाताच्या क्लेमसाठी वकील कसा निवडायचा: गावाकडच्या घरांसाठी

चुलतभावाच्या खांद्याचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. हिंगणघाटहून वडनेरकडे येताना त्याच्या मोटरसायकलला मागून कारनं उडवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी, आम्ही डबे उघडून बसलो असताना, एक अनोळखी माणूस कॉटजवळ आला. भावाचं नाव, गाव, गाडीचा नंबर, सगळं त्याला माहीत होतं. "भाऊ, तीस लाख आरामात भेटते. तुमाले एक रुपयाही द्या लागत नाही. इथं, इथं अन् इथं सही मारा." वहिनीनं पेन हातात घेतला होता. वकीलपत्रावर वकिलाचं नाव छापलेलं, फीचा आकडा कुठंच नाही, आणि खाली दोन कोरे स्टॅम्पपेपर. काकू मधेच म्हणाली, "घरी इचारून सांगतो," म्हणून सही राहिली.

त्यानंतर भावासोबत आणि गावातल्या आणखी काही घरांसोबत मी क्लेमच्या तारखांना जात आलो आहे. त्यातून जे कळलं ते क्रमानं सांगतो.

आधी एफआयआर, मग वकील

गावात अपघात झाला की मध्यस्थ लगेच जमतात. "पोलिसात कशाले जाता, आपसात मिटवू." समोरचा ओळखीचा असतो, दवाखान्याचं बिल देतो म्हणतो, आणि आपल्यालाही वाईटपणा नको असतो. ते पैसे पहिल्या ऑपरेशनलाच संपतात. सहा महिन्यांनी हात वर जात नाही हे लक्षात येतं, तेव्हा पोलिसात काहीच नोंद नसते. म्हणून एफआयआर नोंदवाच. गाडीमालकाला हे समजावून सांगता येतं की त्याच्या गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई बहुतेक वेळा विमा कंपनी देते, त्याचं वावर विकायची वेळ येत नाही. नोंदवायला उशीर झाला असेल तर उशिराचं कारण फिर्यादीत लिहून घ्या: पेशंट बेशुद्ध होता, घरचे सगळे नागपुरात होते. केवळ उशीर झाला म्हणून क्लेम पडत नाही.

वकिलाकडे जाण्याआधी एका पिशवीत हे गोळा करा: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं, एक्स-रे. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या केसेस चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला, द्यायचा असतो. त्याची प्रत ठाण्यात मागा, तो तुमचा हक्क आहे. धडक देणाऱ्या गाडीचा विमा चालू आहे का, हे एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून दिसतं.

एक गोंधळ इथंच मिटवतो. पोलिसांची केस ड्रायव्हरविरुद्ध असते आणि ती सरकारी वकील चालवतो. तिथून तुम्हाला भरपाई मिळत नाही. भरपाईची केस वेगळी टाकावी लागते, आणि आपण वकील शोधतोय तो त्यासाठी.

सहा महिने

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली क्लेम अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकायचा असतो. हा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. अपघात जूनमध्ये झाला तर पेरणी, डवरणी, फवारणी, मग कापूस वेचणी आणि दिवाळी, असं करता करता डिसेंबर उजाडतो. आमच्याकडे मुदत अशीच जाते. ऑपरेशननंतर पहिल्या महिनाभरात वकील ठरला पाहिजे.

दुसरी सावधगिरी सहीची. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख मिळतात. हे ऐकायला बरं वाटतं, आणि काही घरांना ते पुरेसंही असतं. पण विमा कंपनीशी तडजोड करून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा क्लेम तिथंच संपतो. तरुण कमावता माणूस गेला असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय विमा कंपनीच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर वाट वेगळी आहे: मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार, आणि अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे. मृत व्यक्ती शेतकरी कुटुंबातली असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख तालुका कृषी अधिकाऱ्याकडून वेगळे मागता येतात. या दोन्ही अर्जांना वकील लागत नाही. एजंट तर नाहीच नाही.

वकील कुठला?

अपघात झाला तिथं, तुम्ही राहता तिथं, किंवा समोरचा राहतो तिथं, यांपैकी कुठंही क्लेम टाकता येतो. पोरगा हैदराबादला कामाला गेला आणि तिकडच्या रस्त्यावर अपघातात मरण पावला, तरी यवतमाळात राहणारे त्याचे आईवडील यवतमाळलाच केस टाकू शकतात. ट्रिब्युनल जिल्हा न्यायालयात असतं. काही ठिकाणी, उदाहरणार्थ अचलपूर, खामगाव, पुसद, पांढरकवडा, जिल्ह्याच्या गावाबाहेरही जिल्हा न्यायाधीश बसतात. जवळचं कोर्ट धरा आणि त्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील धरा. "नागपूरचा मोठा वकील" हा हट्ट मला पटत नाही. तो तारखेला ज्युनिअर पाठवतो, आणि तुमचा दिवस, मजुरी, एसटीचं भाडं सगळं वाया जातं. नागपूर खंडपीठाचा वकील अपिलाच्या वेळी लागतो, तेव्हा तो बघता येतो.

नावं कशी काढायची? ज्यांचा क्लेम निकालात निघाला आहे अशा दोन-तीन घरांना विचारा. सरपंच किंवा पोलीस पाटील यांना अशी घरं माहीत असतात. पैसे किती मिळाले एवढंच विचारून थांबू नका. वकील फोन उचलत होता का, साक्षीच्या दिवशी स्वतः उभा होता का, हेही विचारा. मग ई-कोर्ट्सच्या साइटवर ते न्यायालय निवडून वकिलाच्या नावानं शोधा. त्याच्या केसेसमध्ये एमएसीपी, म्हणजे मोटार अपघात क्लेमच्या प्रकारातल्या, किती आहेत ते दिसतं. नुसते वाटणीचे आणि सातबाऱ्याचे दावे चालवणारा वकील माणूस म्हणून कितीही चांगला असला, तरी या कामाला तो नको.

दवाखान्यात, पोलीस ठाण्याबाहेर किंवा घरी स्वतः चालून येणाऱ्याला नाही म्हणा. वकिलानं अशी गिऱ्हाइकं गोळा करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि कोर्टानं जाहीर केलेल्या दलालांच्या यादीत नाव असताना दलाली करणं हा ॲडव्होकेट्स ॲक्टमधल्या २०२३ च्या दुरुस्तीनं गुन्हा ठरवला आहे.

पहिली भेट

वकील कळतो तो या भेटीत. वॉर्डातल्या माणसानं आधी आकडा सांगितला होता. ज्या वकिलांना आम्ही नंतर केस दिली, त्यांनी अर्धा तास आकड्याचं नावच काढलं नाही. आधी पंचनामा टेबलावर पसरला आणि टायरच्या घासण्याची खूण रस्त्याच्या कोणत्या बाजूला लिहिली आहे ते बोटानं शोधलं. मग भावाला म्हणाले, "उठा, त्या वरच्या फळीवरची फाईल काढून द्या." भावाचा उजवा हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. "फवारणीचा पंप पाठीवर कसा घेता?" "आता घेताच येत नाही, साहेब." "मग पऱ्हाटीवर फवारते कोण?" "बायको फवारते." ते सगळं त्यांनी लिहून घेतलं.

हे का विचारलं, तेही त्यांनी समजावलं. जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी शरीराची असते. भरपाई ठरते ती कमाईची ताकद किती गेली यावर. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०११ च्या निकालात मांडलं आहे. तोच खांदा कारकुनाचा असता तर कमाई कमी बुडाली असती. फवारणी करणाऱ्याची जास्त बुडते.

मग कागदाच्या पाठीवर हिशोब मांडला. वय ३४, महिन्याची कमाई १२,००० धरली. चाळिशीच्या आतल्या, पगारी नसलेल्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळतात, म्हणजे १६,८००. वर्षाचे २,०१,६००. वर्षाची कमाई किती पट धरायची तो गुणक वयावर ठरतो; ३१ ते ३५ वयाला तो १६, म्हणजे ३२,२५,६००. कमाईची ताकद ३० टक्के गेली असं कोर्टानं धरलं तर ९,६७,६८०. वर दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदनेची भरपाई. गुणक सरला वर्मा (२००९) निकालातले, वाढीचे टक्के प्रणय सेठी (२०१७) निकालातले. मृत्यूच्या केसमध्ये माणसाचा स्वतःवरचा खर्च वजा होतो: घरी चार ते सहा जण अवलंबून असतील तर एक चतुर्थांश. क्लेमचं काम करणाऱ्या वकिलाला हे आकडे पाठ असतात. तुमचं वय आणि कमाई सांगून असा हिशोब मांडून मागा. जो "बघू, कोर्ट ठरवते" म्हणून उडवून लावतो, त्याला केस देऊ नका.

या हिशोबात आपली गावची माणसं हरतात ती १२,००० वर. कमाईचा कागदच नसतो. चांगला वकील तो शोधायला लावतो: सातबारा, बाजार समितीच्या काटापट्ट्या, जिनिंगच्या पावत्या, दूध डेअरीचं पुस्तक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, मुकादमाच्या वहीतली नोंद. घर सांभाळणारी बाई जखमी झाली किंवा गेली असेल तर "ती कमवत नव्हती" असं ऐकून घेऊ नका. तिच्या कामाचीही किंमत कोर्ट धरतं, आणि ती मागायची हे वकिलाला माहीत असलं पाहिजे.

आणखी एक प्रश्न नक्की विचारा: "साहेब, तुम्ही कोणत्या विमा कंपनीचं काम करता का?" करत असतील तर त्यात चूक काही नाही, पण तीच कंपनी आपल्या केसमध्ये समोर नको.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा अपघात असेल तर

सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला मजूर ट्रॉलीत बसून जातात. ट्रॉली उलटली की विमा कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं: ट्रॅक्टरला सीट एक, ती ड्रायव्हरची, बाकी लोकांचा विमा नाही. नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे फक्त गाडीबाहेरच्या लोकांसाठीचा विमा, असलेल्या मोटरसायकलवर मागं बसलेल्याचंही असंच होतं. इथं वकिलाचा खरा कस लागतो. पॉलिसीत मजुरांसाठी जास्तीचा हप्ता भरला होता का, कंपनीनं आधी पैसे भरून मग मालकाकडून वसूल करावेत असा आदेश मागता येतो का, दुसऱ्या गाडीची चूक होती का, हे सगळं बघावं लागतं. वकिलाला सरळ विचारा की अशा केसमध्ये त्यांनी आधी काय केलं. पॉलिसी न बघताच हमी देणाऱ्याकडून उठून या.

फी

"मिळतील त्यातले इतके टक्के" हा सौदा आपल्याकडे सर्रास चालतो, पण वकिलाला तो करता येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि भरपाईत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. ठरावीक रक्कम ठरवा आणि टप्पे पाडा: केस टाकताना काही, साक्षीपुराव्याला काही, निकालावेळी काही. टायपिंग, नकला, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च यात धरला आहे की वेगळा, ते विचारा. सगळं कागदावर लिहून घ्या आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण आमच्या वकिलांनी विचारायच्या आधीच पावतीबुक काढलं.

कोरा कागद, कोरा चेक, एटीएम कार्ड यातलं काहीही कुणाकडे ठेवू नका. बँकेचं नवं खातं उघडायला कुणी सोबत येत असेल तर पासबुक घरीच राहील हे बघा.

पैसेच नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि जिल्ह्याला प्राधिकरण. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे. म्हणजे नवरा गेलेल्या बाईला वकिलाची फी भरायची गरज नाही, आणि हे तिला सहसा कुणी सांगत नाही. फोन १५१०० वर करता येतो.

वकीलपत्रानंतर

केसचा नंबर आणि सीएनआर नंबर, म्हणजे ई-कोर्ट्सवरचा केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, लिहून घ्या, म्हणजे पुढची तारीख मोबाइलवर स्वतः बघता येते. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा. लोकअदालतीत तडजोडीचा आकडा आला तर वर मांडलेल्या हिशोबाशी ताडून बघा आणि घरच्यांशी बोलायला वेळ मागा.

वकील फिरकतच नसेल तर बदलता येतो. त्याची ना हरकत घ्या आणि फाईल परत मागा. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे.

निकाल लागला की प्रमाणित प्रत लगेच काढा. रक्कम कमी वाटली तर हायकोर्टात अपिलाला ९० दिवस असतात. पैसे तुमच्याच खात्यात आले पाहिजेत. मुलांचा वाटा कोर्ट बहुधा मुदत ठेवीत ठेवतं, त्या पावत्या स्वतःच्या ताब्यात घ्या.

भावाची केस आता डॉक्टरांच्या साक्षीवर आली आहे. साक्षीच्या दिवशी एक्स-रेची मूळ फिल्म न्यायची आहे. ती वहिनीनं गादीखाली सपाट ठेवली आहे, घडी पडू नये म्हणून.